ओले, सुके आणि जुने : खाद्य वनौषधींची साठवण आणि तिची मराठी परिभाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

आले आणि सुंठ ही एकाच वनस्पतीच्या एकाच भूमिगत खोडाची दोन नावे आहेत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्यांत भेद नाही. एक ओले असते व दुसरे वाळविलेले, एवढाच काय तो फरक. परंतु मराठीने हा फरक विशेषणावर न सोपविता त्यासाठी दोन स्वतंत्र नामे राखली आहेत. स्वयंपाकघरात वा काष्ठौषधींच्या दुकानात एकाच्या जागी दुसरे चालत नाही. अनायासे कार्य साधले असता ‘सुंठीवाचून खोकला गेला’ असे म्हणतात. तेथे ‘आल्यावाचून’ असे कोणी म्हणत नाही.

या दोन नावांची व्युत्पत्ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘आले’ हा शब्द संस्कृत ‘आर्द्रक’ या शब्दापासून, प्राकृत ‘अल्लय’ या रूपावरून आला. ‘आर्द्र’ या शब्दाची ‘उल्ल’, ‘ओल्ल’ व ‘अल्ल’ अशी प्राकृत रूपे हेमचंद्राच्या व्याकरणात नोंदलेली आहेत. त्यांपैकी ‘ओल्ल’ या रूपातून मराठीतील ‘ओला’ हे विशेषण निष्पन्न झाले. म्हणजे ‘आले’ आणि ‘ओले’ हे एकाच मुळाचे दोन फुटवे होत. याउलट ‘सुंठ’ म्हणजे संस्कृत ‘शुण्ठी’. धातुपाठात ‘शुण्ठ्’ या धातूचा अर्थ ‘सुकणे’ असा दिला आहे. हा धातू मूळचा की नामावरून मागाहून कल्पिलेला, हा वाद बाजूस ठेवला तरी परंपरेने या नामाचा संबंध शुष्कतेशी जोडला होता, हे निश्चित. सारांश, एक नाव ‘ओलसर वस्तू’ असे सांगते, तर दुसरे ‘सुकलेली वस्तू’ असे. साठवणुकीने पदार्थात जो पालट होतो, त्याची नोंद येथे नामातच झालेली आहे.

अशा जोड्या मराठीत आणखीही आहेत. आवळा वाळला की आवळकाठी होते. रातांब्याची साल सुकविली की आमसूल. कैरीच्या फोडी वाळविल्या की आंबोशी. खजूर पुरता सुकला की खारीक. उलटपक्षी हळद, तुळस, पुदिना यांना सुक्या अवस्थेत निराळे नाव नाही; तेथे ‘ओली हळद’, ‘सुका पुदिना’ असे विशेषणाने काम भागते. स्वतंत्र नाव कोठे मिळाले व कोठे नाही, यामागे काटेकोर नियम असेल असे नव्हे. तथापि जेथे उपयोगात ठळक भेद पडला, तेथे भाषेने नवे नाम स्वीकारले, असा कल या उदाहरणांत स्पष्ट दिसतो.

साठवणुकीचा औषधी घटकांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न बहुधा ‘किती गुण उरला?’ अशा रूपात विचारला जातो. ही मांडणी अपुरी आहे. तीत साठवण ही एकच क्रिया व गुण ही एकच राशी असल्याचे गृहीत धरलेले असते. वस्तुतः एकाच मुळीत दहा संयुगे असली, तर त्यांपैकी काही उडून जातात, काही मोडतात, काही स्थिर राहतात आणि काही साठवणुकीतच नव्याने निर्माण होतात. यास्तव कोणते संयुग, कोणत्या अवस्थेत, कशाच्या सान्निध्यात, असा त्रिविध प्रश्न विचारल्याविना उत्तराला अर्थ येत नाही. पुढील विवेचनात हाच मुद्दा काही परिचित द्रव्यांच्या आधारे स्पष्ट करावयाचा आहे.

२. बिघाडाची क्रियापदे

प्रयोगशाळेतील अहवालांत साठवणुकीतील सर्व बदलांना ‘ऱ्हास’ हा एकच शब्द लावण्याची प्रथा आहे. घरगुती मराठी याबाबतीत अधिक काटेकोर आहे. तिची क्रियापदे एकामागून एक मांडली, तर प्रत्येकामागे एक स्वतंत्र भौतिक वा रासायनिक प्रक्रिया उभी असल्याचे आढळते.

‘सादळणे’ म्हणजे हवेतील ओलावा शोषून घेणे. वाळलेली वस्तू कोरडी राहते ती भोवतालची हवा कोरडी असेतोवरच. कोकणातील पावसाळी हवेत उघडी ठेवलेली सुंठ वा तुळशीची सुकी पाने पुन्हा पाणी घेतात. त्यापुढची पायरी ‘बुरसणे’. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली, की तिच्याशी समतोल साधणाऱ्या सुक्या मालात बुरशीची वाढ शक्य होते. म्हणूनच मसाल्याच्या पदार्थांतील जलांश साधारणतः १० ते १२ टक्क्यांच्या आत ठेवतात. हा केवळ चवीचा प्रश्न नव्हे. ‘अस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीपासून होणारी अफ्लाटॉक्सिने यकृताला घातक असून साध्या शिजविण्याने ती नष्ट होत नाहीत. सुंठ, हळद, मिरी आदी मसाल्यांसाठी युरोपीय संघाने अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोग्रॅममागे ५ मायक्रोग्रॅम व एकूण अफ्लाटॉक्सिनांची १० मायक्रोग्रॅम अशी ठरविली आहे, यावरून या धोक्याचे गांभीर्य ध्यानात यावे.

‘वास उडणे’ हा प्रयोग बाष्पनशील तेलांच्या बाबतीत अक्षरशः खरा आहे. तेथे संयुग मोडत नाही, ते केवळ पदार्थ सोडून हवेत जाते. ‘खवट होणे’ हे स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीभवन होय. जवसातील आल्फा-लिनोलेनिक अम्लाच्या रेणूत तीन द्विबंध असतात व ऑक्सिजन तेथेच आघात करतो. म्हणून अख्खे जवस महिनोन्‌महिने टिकते, पण त्याची पूड लवकर खवटते. ‘विटणे’ हे मुख्यतः रंगद्रव्यांविषयी बोलले जाते आणि त्याला बहुधा प्रकाश कारण असतो. ‘आंबणे’ हे सूक्ष्मजीवांचे कार्य.

याच मालिकेत ‘मुरणे’ हे क्रियापद मात्र वेगळ्या जातीचे आहे. लोणचे मुरते, मोरावळा मुरतो; येथे काळ जातो तो बिघाडाकडे नव्हे, तर परिपाकाकडे. दाट पाकातील साखर आवळ्यातील पाणी बाहेर ओढते, पाक आत शिरतो, आणि उरलेले पाणी साखरेशी इतके बांधले जाते की सूक्ष्मजीवांना ते उपलब्ध राहत नाही. साठवण म्हणजे केवळ हानी नव्हे, हे ज्ञान या एका क्रियापदात साठविलेले आहे. ‘ऱ्हास’ या सर्वसंग्राहक शब्दात ते हरवते.

३. आल्याची सुंठ होताना

आता मूळ उदाहरणाकडे वळता येईल. ताज्या आल्यात वजनाच्या सुमारे ८० टक्के वा त्याहून अधिक पाणी असते. त्याचा तिखटपणा मुख्यत्वे जिंजेरॉल या वर्गातील संयुगांमुळे येतो. या संयुगाचे हे नाव ब्रिटिश रसायनज्ञ जे. सी. थ्रेश यांनी १८७९ साली योजिले. जिंजेरॉलच्या रेणूतील पार्श्वशृंखलेवर एक कार्बोनिल गट असतो व त्यापासून दुसऱ्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट. ही रचना स्वभावतःच अस्थिर असते. उष्णता मिळाली अथवा परिस्थिती तीव्र अम्लधर्मी झाली, की रेणूतून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो व त्या जागी द्विबंध तयार होतो. ६-जिंजेरॉलचा रेणुभार सुमारे २९४ असतो. पाण्याचे १८ वजा होऊन उरतो तो २७६ रेणुभाराचा ६-शोगाओल.

वाळविण्याच्या क्रियेत म्हणून दोन प्रकारचे पाणी निघून जाते. एक पेशींतील मोकळे पाणी, जे डोळ्यांना दिसते. आणि दुसरे खुद्द रेणूच्या घडणीतील पाणी, जे दिसत नाही. पहिल्याने आले हलके होते. दुसऱ्याने त्यात निराळे द्रव्य उत्पन्न होते. शोगाओल जिंजेरॉलच्या दुपटीहून अधिक तिखट मानला जातो. ताज्या आल्यात तो अत्यल्प असतो. सुंठीत तो लक्षणीय प्रमाणात आढळतो आणि वाळविण्याचे तापमान जितके चढे, तितके त्याचे प्रमाण वाढते. साठवणुकीतही, विशेषतः उष्ण जागी, हे रूपांतर मंदगतीने चालू राहते. आले दीर्घकाळ शिजविले असता तिसरीच विक्रिया घडते. जिंजेरॉलची शृंखला मधोमध तुटून त्यातून जिंजेरोन हे सौम्य व किंचित गोडसर वासाचे संयुग मिळते. शिजलेल्या आल्याची चव मवाळ होते याचे एक कारण हेच.

या संयुगांच्या नावांतही एक प्रवास दडलेला आहे. ‘जिंजर’ या इंग्रजी शब्दाची परंपरा लॅटिन व ग्रीक रूपांतून मागे नेली असता ती पाली ‘सिंगिवेर’ व संस्कृत ‘शृङ्गवेर’ या शब्दांपाशी येते. आणि या शब्दांचे मूळ द्राविडी भाषांत असून त्यातील ‘वेर’ म्हणजे मूळ, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. जिंजेरॉल हे नाव अशा रीतीने दक्षिण भारतातून निघून युरोपच्या प्रयोगशाळेत पोचले. शोगाओल हे नाव मात्र ‘शोगा’ या जपानी शब्दावरून पडले असून त्याचाही अर्थ आले हाच आहे. हिरोशी नोमुरा या जपानी रसायनज्ञाने १९१७ व त्यानंतरच्या काळात आल्यातील तिखट द्रव्यांवर जे संशोधन केले, त्याचे ते फलित होय. ओल्या व सुक्या अवस्थांचा जो भेद मराठीने ‘आले’ व ‘सुंठ’ या नावांनी दाखविला, तोच रसायनशास्त्राने ‘जिंजेरॉल’ व ‘शोगाओल’ या नावांनी दाखविला, असे म्हणण्यास हरकत नाही. अर्थात हे साम्य स्थूल आहे. सुंठीत जिंजेरॉलही पुष्कळ शिल्लक असतो.

तिखट द्रव्यांबरोबर आल्यात सुगंधी तेलही असते आणि त्याची वाटचाल वेगळी असते. त्यातील जिंजिबरीन हे प्रमुख संयुग साठवणुकीत घटत जाते व त्याच्यापासून आर-कुर्क्युमीन हे अधिक स्थिर संयुग बनते. जुन्या सुंठीचा तिखटपणा टिकून असताही तिचा वास ‘बसलेला’ लागतो, तो यामुळे. तेव्हा ‘जुन्या सुंठीत गुण उरतो काय?’ या प्रश्नाला एकच उत्तर संभवत नाही. तिखट अंशापुरते उत्तर एक येईल, सुगंधापुरते दुसरे.

केशराचे उदाहरण याहूनही स्पष्ट आहे. केशराच्या ताज्या तंतूंत त्याचा परिचित सुगंध जवळजवळ नसतो. पिक्रोक्रोसिन या कडू द्रव्याचे विघटन होऊन सॅफ्रनाल हे सुगंधी द्रव्य तयार होते, ते वाळविताना व पुढे साठवणुकीत. त्याच काळात क्रोसिन हे रंगद्रव्य मात्र प्रकाश व ओलावा यांमुळे विटत जाते. केशराची प्रत ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकात कडवटपणा, सुगंध व रंग यांची मापे स्वतंत्रपणे घेतली जातात. कारण एका तंतूत एक गुण वाढत असता दुसरा ओसरत असतो.

४. अखंड आणि भग्न

साठवणुकीचा दुसरा निर्णायक घटक म्हणजे द्रव्याची अखंडता. तुळशीच्या पानावर सूक्ष्म ग्रंथिल रोम असतात व युजेनॉलसारखी सुगंधी द्रव्ये त्यांत पातळ आवरणाआड साठलेली असतात. पान चुरगळले की हे आवरण फुटते. हाताला वास लागतो तो त्या कोठारातून निसटलेल्या द्रव्याचा. म्हणून पाने सावलीत व मंद उष्णतेवर अखंड वाळवावीत आणि वापरावयाच्या वेळीच चुरावीत, या रूढ सल्ल्याला सबळ कारण आहे. कडक उन्हात तापमान चढल्याने तेल उडते, शिवाय हरितद्रव्यही मोडून पाने तपकिरी पडतात.

चूर्णाच्या अल्पायुष्याचे कारण साध्या भूमितीने कळते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच एक मिलिमीटर बाजूचे हजार घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६० होते; आणि दशांश मिलिमीटरापर्यंत दळले, तर ६००. वस्तू तीच, वजन तेच. पण हवा, ओल व प्रकाश यांना मिळालेले क्षेत्र शंभरपट. शिवाय दळताना उष्णता निर्माण होते व पेशींच्या भिंती फुटतात, हे वेगळेच.

लसणीच्या बाबतीत मात्र भंग हाच गुणाच्या उत्पत्तीचा क्षण असतो. अखंड पाकळीत ॲलिइन हे गंधहीन संयुग व त्याच्यावर क्रिया करणारे एंझाइम वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की दोन्ही एकत्र येतात व काही क्षणांत ॲलिसिन तयार होते. १९४४ साली कॅव्हॅलिटो व बेली यांनी या जंतुनाशक द्रव्याचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु ॲलिसिन दीर्घकाळ टिकत नाही. ते मोडून त्याची इतर गंधकयुक्त संयुगे होतात. याचा अर्थ असा की अखंड लसूण साठविली असता साठविली जाते ती क्षमता. ठेचलेली लसूण साठविली असता साठविले जातात ते त्या क्षमतेचे अवशेष.

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. ऑक्सिजन हा शत्रू असे म्हटल्यावर ठेचलेली लसूण तेलात बुडवून ठेवावी, असे कोणासही सुचेल. परंतु ऑक्सिजन नसलेली, अम्लता व मीठ यांचे संरक्षण नसलेली ही ओली वस्तू ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ या जंतूला अनुकूल ठरते. १९८५ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे शीतपेटीबाहेर ठेवलेल्या तेलातील चिरलेल्या लसणीमुळे ३६ जणांना बोट्युलिझम ही प्राणघातक ठरू शकणारी विषबाधा झाली. लोणच्यात तेलाच्या जोडीला मीठ व आंबटपणा असतो, तो केवळ चवीसाठी नव्हे. एका शत्रूला दार बंद करताना दुसऱ्याला ते उघडे राहत नाही ना, हे पाहणे हाच साठवणुकीच्या शास्त्राचा गाभा होय.

५. हळद आणि पेव

मराठी मुलखात साठवणुकीचा एक मोठा प्रयोग सांगलीनजीक हरिपूर येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. कृष्णा व वारणा यांच्या संगमावरील या गावी जमिनीत खोल, अरुंद तोंडाची पेवे खणून त्यांत हळद साठवीत. पेवाला आतून गवत, पाचट व चटया यांचे अस्तर लावून हळद भरल्यावर तोंड बंद केले जाई. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्यामागे या साठवण-पद्धतीचाही संदर्भ आहे. २००५ च्या महापुरात पाणी शिरून अनेक पेवे निकामी झाली आणि पुढे माल उत्तरोत्तर गोदामांकडे वळला.

हळदीतील पिवळे द्रव्य कुर्क्युमिन हे होय. फोगेल व पेलेतिए यांनी ते १८१५ साली वेगळे केले व त्याची रेणुरचना १९१० साली निश्चित झाली. सुक्या हळदीत कुर्क्युमिन व त्याची भावंडे मिळून साधारणतः २ ते ५ टक्के असतात. हे द्रव्य उष्णतेला बऱ्यापैकी टिकते. त्याला बाधतात त्या दोन गोष्टी : प्रकाश व अल्कधर्मी ओल. हळदीचा डाग पडलेले वस्त्र उन्हात घातले की डाग फिका होतो, हे सर्वांस ठाऊक आहे. तेथे प्रकाशाने रेणू तुटतो. हळद चुन्याच्या संयोगाने लाल होते, हेही कुंकवाच्या परंपरेमुळे परिचित आहे. पाण्याच्या द्रावणात, उदासीन वा किंचित अल्कधर्मी स्थितीत, शरीराच्या तापमानावर कुर्क्युमिन अर्ध्या तासात बहुतांशी मोडते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. तेच द्रव्य कोरड्या हळकुंडात मात्र दीर्घकाळ सुरक्षित राहते.

या पार्श्वभूमीवर पेवाची रचना पाहिली असता तिचे मर्म कळते. हळद प्रथम शिजवितात. त्यामुळे कंदाची जीवनक्रिया थांबते, पिष्ट चिकट होते, रंग सर्वत्र सारखा पसरतो व वाळणे त्वरेने होते. मग ती कडक वाळवून, अख्ख्या हळकुंडांच्या रूपात, अंधाऱ्या, जवळपास निर्वात व तापमानाचा चढउतार नसलेल्या जागी जाते. प्रकाश नाही, नवी ओल नाही, आणि आत कोंडलेल्या हवेतील ऑक्सिजन संपत गेल्याने किडींनाही जगणे कठीण. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे, कारण आतील हवा श्वसनास योग्य नसे. माणसाला बाधक असणारी तीच स्थिती मालाला पोषक ठरे. हळद साठविण्याची ही पद्धत रसायनशास्त्राच्या उपपत्तीआधीची आहे. उपपत्तीने ती खोटी ठरली नाही, एवढे मात्र म्हणता येते. तिची दुर्बलता रसायनाची नव्हती, जमिनीची होती : पुराचे पाणी शिरले की सर्व माल एकदम जाई. एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुळसुळाट झाला असता ‘पेव फुटले’ असे म्हणण्याचा प्रघात मराठीत टिकून आहे. पेव प्रत्यक्ष पाहिलेली माणसे मात्र विरळ होत चालली आहेत.

६. संहितांतील मर्यादा आणि त्यांचे वाचन

औषधी द्रव्यांच्या साठवणुकीचा विचार प्राचीन वैद्यकग्रंथांत विस्ताराने आला आहे. चरकसंहितेचे कल्पस्थान दृढबलाने पूर्ण केलेल्या भागात मोडते. त्यात गोळा केलेली द्रव्ये योग्य भांड्यांत, पूर्वेस वा उत्तरेस दार असलेल्या घरात, अग्नी, पाणी, दमटपणा, धूर, धूळ, उंदीर व चतुष्पाद यांपासून दूर, झाकून व शिंक्यात टांगून ठेवण्यास सांगितले आहे. तेथे योजिलेला ‘शिक्य’ हा शब्द मराठी ‘शिंके’ या रूपात घरोघरी पोचला. सुश्रुतसंहितेत औषधशाळेसाठी कापड, मातीची भांडी, फळ्या व खुंट्या यांचा उल्लेख येतो. शत्रूंची ही यादी मागे सांगितलेल्या रासायनिक यादीशी ताडून पाहण्याजोगी आहे.

शार्ङ्गधरसंहितेत प्रत्यक्ष कालमर्यादा दिल्या आहेत. मूळ रूपातील सुके द्रव्य वर्षानंतर गुणहीन होते; चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते; गुटी व अवलेह वर्षभर टिकतात; आसव, धातू व रसकल्प मात्र जुने झाल्याने अधिक गुणयुक्त होतात. द्रव्य सामान्यतः नवे घ्यावे, परंतु वावडिंग, पिंपळी, गूळ, धान्य, तूप व मध हे जुने घ्यावेत, असा अपवादही तेथे सांगितला आहे. अखंड द्रव्याला वर्ष व चूर्णाला दोनच महिने, हे प्रमाण पृष्ठफळाच्या वरील गणिताशी सुसंगत आहे.

तथापि या मर्यादा वाचताना भाषिक सावधगिरी हवी. सिद्ध घृत व तेल यांच्याविषयीच्या पदात ‘चार महिने’ व ‘अधिक’ हे दोन शब्द समासाने जोडलेले आहेत. ‘चार महिन्यांहून अधिक काळानंतर’ असा त्याचा सरळ अर्थ होतो. परंतु मागील वाक्यातील ‘वर्ष’ हा शब्द अध्याहृत धरला, तर ‘वर्ष आणि वर चार महिने’, म्हणजे सोळा महिने, असाही अन्वय लागतो, आणि दोन्ही अर्थ मांडले गेले आहेत. एका समासाच्या विग्रहावरून औषधाचे आयुष्य चौपट होते. प्रयोगशाळेने ज्या अर्थाची परीक्षा घ्यावयाची, तो आधी व्याकरणाने निश्चित केला पाहिजे. अन्यथा परीक्षा ग्रंथाची न होता अनुवादाची होते.

ओल्या व सुक्या द्रव्यांच्या मात्रेबाबतही असाच प्रसंग येतो. शार्ङ्गधराच्या नियमानुसार ओले द्रव्य सुक्याच्या दुप्पट घ्यावे; मात्र गुळवेल, कुडा, अडुळसा, कोहळा, शतावरी, अश्वगंधा इत्यादी काही द्रव्ये नेहमी ओलीच वापरावीत व त्यांचे प्रमाण दुप्पट करू नये. हा नियम केवळ पाण्याच्या हिशेबाचा असेल, असे समजणे चूक ठरेल. ८० टक्के पाणी असलेले १०० ग्रॅम आले १० टक्के जलांशापर्यंत वाळविले, तर उरते सुमारे २२ ग्रॅम. म्हणजे वजनाचे प्रमाण दुपटीचे नसून साडेचारपटीचे होते. दुपटीचा नियम हा व्यवहाराचा ठोकताळा आहे आणि त्याच्या अपवादांत प्रत्येक द्रव्याविषयीचा स्वतंत्र अनुभव सामावलेला असावा.

शेवटी ‘वीर्य’ या संज्ञेविषयी. आधुनिक लेखनात ‘हीनवीर्य’ याचा अर्थ ‘अमुक संयुगाचे प्रमाण घटलेले’ असा सरसकट केला जातो. हे समीकरण सोईचे असले, तरी निर्दोष नव्हे. वीर्य ही द्रव्याच्या कार्यशक्तीविषयीची संज्ञा आहे. संयुगाचे प्रमाण ही मोजता येणारी राशी आहे. द्रव्याची ओळख पटविण्यासाठी निवडलेले एखादे संयुग वर्षभर स्थिर राहिले, एवढ्यावरून संपूर्ण द्रव्याची कार्यशक्ती स्थिर राहिली असे सिद्ध होत नाही. आणि ते घटले, एवढ्यावरून ती गेली असेही नाही. आल्यातील जिंजेरॉल घटला म्हणून सुंठ ‘निर्वीर्य’ ठरवावी, तर शोगाओलचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतोच.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून संशोधनाच्या दृष्टीने काही व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. वनस्पतीचे लॅटिन नाव दिले म्हणजे द्रव्याची ओळख पुरी झाली, ही समजूत टाकून दिली पाहिजे. ते नाव आले व सुंठ यांना एकाच कप्प्यात टाकते. एका अभ्यासात ताजे आले, दुसऱ्यात वर्षभर जुनी सुंठपूड व तिसऱ्यात उकळून आटविलेला अर्क वापरून तिन्ही निष्कर्ष एकाच नावाखाली जुळविले, तर त्यांतील विसंगती द्रव्याची नसून नोंदीची असते. मात्रेचा प्रश्न रुग्णाशी निगडित असल्यामुळे ही विसंगती निरुपद्रवीही राहत नाही.

म्हणून प्रत्येक अहवालात किमान पुढील नोंदी असाव्यात : द्रव्याचे स्थानिक नाव, वनस्पतीचा भाग, ओली वा सुकी अवस्था, वाळविण्याची रीत व तापमान, अखंड की चूर्ण, जलांश, भांडे, प्रकाश व आर्द्रतेची स्थिती आणि साठवणुकीचे महिने. संयुगांची प्रमाणे कोरड्या वजनावर द्यावीत; अन्यथा ओल्या-सुक्याची तुलना पाण्याचीच तुलना ठरते. मराठी, कोकणी व अन्य भारतीय भाषांतील वनौषधींचे कोश रचणाऱ्यांनीही नामांच्या जोड्या पर्यायशब्द म्हणून एका ओळीत न छापता अवस्थाभेदासह नोंदवाव्यात. ‘आवळकाठी : पाहा आवळा’ एवढीच नोंद करणारा कोश वाचकाला योग्य झाडापाशी नेतो, पण योग्य द्रव्यापाशी नेत नाही.